मरायनस विलेट : न्यूयॉर्कचा सैनिक आणि एका वर्षाचा महापौर

प्रश्न असा आहे की, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कर्नल म्हणून गाजलेला मरायनस विलेट 1807 मध्ये न्यूयॉर्क शहराचा महापौर कसा झाला, युद्धातील पराक्रमाबद्दल लोकांनी त्याला निवडून दिले होते का, आणि अवघ्या वर्षभरात ते पद त्याच्याकडून का गेले. अठराव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास मी दीर्घकाळ शिकवत आलो आहे. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर देताना आधी त्यातला क्रम सुधारून घ्यावा लागतो. विलेट हा मुळात शहराचा माणूस होता. शहरातील कारागिरांच्या राजकारणाने त्याला सैन्यात नेले आणि युद्ध संपताच तो त्याच राजकारणात परत आला. महापौरपद हा त्या राजकारणाचा अगदी उशिरा आलेला आणि अल्पजीवी टप्पा होता.

निवडणुकीचा भाग आधी स्पष्ट करतो. त्या काळी न्यूयॉर्कचा महापौर मतदार निवडत नसत. राज्याच्या 1777 च्या संविधानाने गव्हर्नर आणि चार सिनेटर यांचे एक नेमणूक मंडळ निर्माण केले होते आणि राज्यातील बहुतेक महत्त्वाची पदे, ज्यांत महापौर आणि शेरीफ हीदेखील आली, तेच मंडळ भरत असे. ज्या गटाचे मंडळात बहुमत, त्या गटाची माणसे पदांवर, असा सरळ हिशेब होता, आणि बहुमत फिरले की चांगल्या चांगल्या माणसांनाही घरी जावे लागे. 1821 च्या नव्या संविधानाने हे मंडळ मोडीत काढले. त्यानंतर नगर परिषद महापौर निवडू लागली आणि थेट जनतेच्या मतांनी महापौर निवडला जाण्यासाठी 1834 साल उजाडावे लागले.

विलेटचा जन्म 31 जुलै 1740 रोजी लाँग आयलंडवरील जमैका या गावी झाला. हे गाव आज न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात मोडते. लाकडी सामान घडवण्याचा व्यवसाय त्याने शिकून घेतला, पण त्याआधीच एक युद्ध त्याच्या वाट्याला आले होते. जुलै 1758 मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी, न्यूयॉर्कच्या प्रांतिक पलटणीत लेफ्टनंट म्हणून तो टिकॉन्डरोगाच्या फ्रेंच किल्ल्यावरील हल्ल्यात सामील झाला. जनरल ॲबरक्रॉम्बी याने तोफा पुढे येण्याची वाट न पाहता, तोडलेल्या झाडांच्या अणकुचीदार फांद्यांनी रचलेल्या अडथळ्यावर पायदळ सोडले आणि सुमारे दोन हजार माणसे मृत किंवा जखमी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्नल ब्रॅडस्ट्रीट याने सुमारे तीन हजार माणसांनिशी जलद कूच करून ओंटारिओ सरोवराच्या तोंडाशी असलेला फोर्ट फ्रॉन्तनॅक घेतला, त्या मोहिमेतही विलेट होता. परतीच्या वाटेवर तो आजारी पडला आणि त्याच वर्षी बांधायला घेतलेल्या फोर्ट स्टॅनविक्समध्ये त्याला पडून राहावे लागले. एका उन्हाळ्यात त्याने अविचारी सेनापतीचा पराभव पाहिला आणि चपळाईने मिळवलेला विजयही पाहिला. पुढे स्वतः नेतृत्व करताना त्याने कायम ब्रॅडस्ट्रीटचा मार्ग धरला, असे त्याच्या मोहिमा पाहता म्हणावे लागते.

यानंतरची सोळा-सतरा वर्षे तो न्यूयॉर्कमध्ये कारागीर म्हणून राहिला, आणि त्याच्या पुढच्या आयुष्याची बीजे याच वर्षांत आहेत. ब्रिटिश करांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘सन्स ऑफ लिबर्टी’ या संघटनेतील तो एक ठळक कार्यकर्ता होता. एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनच्या चकमकीची बातमी शहरात पोहोचली तेव्हा जमावाने सिटी हॉलमधील शस्त्रागार फोडून शेकडो बंदुका ताब्यात घेतल्या, आणि त्या कृतीत विलेट अग्रभागी होता. त्याहून महत्त्वाची घटना 6 जून 1775 ची आहे. शहरातील छोटी ब्रिटिश तुकडी बंदरातील युद्धनौकेवर निघून जात होती. तिने स्वतःची शस्त्रे घेऊन शांतपणे जावे, असे शहराच्या क्रांतिकारक समितीने मान्य केले होते. प्रत्यक्षात सोबतच्या गाड्यांवर जादा बंदुकांच्या पेट्या लादलेल्या आहेत हे कळताच विलेट ब्रॉड स्ट्रीटवर आडवा गेला, पहिल्या गाडीच्या घोड्याचा लगाम त्याने धरला आणि संपूर्ण रांग थांबवली. शहराचा त्या वेळचा महापौर व्हाइटहेड हिक्स तेथे आला आणि त्याने हरकत घेतली. क्रांतीच्या बाजूचा असलेल्या गव्हर्नर मॉरिसनेही (गव्हर्नर हे त्याचे नावच होते, पद नव्हे) गाड्या जाऊ द्या असेच सांगितले. तेवढ्यात समितीतील वकील जॉन मॉरिन स्कॉट याने समितीची परवानगी फक्त अंगावरच्या शस्त्रांपुरती होती असे स्पष्ट केले, आणि विलेटने गाड्या वळवून घेतल्या. बत्तीस वर्षांनी तो ज्या पदावर बसला, त्या पदावरील माणसाशी भर रस्त्यात वाद घालणारा हा कारागीर होता, हे लक्षात ठेवले म्हणजे त्याच्या राजकारणाची जातकुळी कळते. या जागी पुढे कांस्यफलक बसवण्यात आला.

त्याच उन्हाळ्यात तो पहिल्या न्यूयॉर्क पलटणीत कॅप्टन झाला आणि कॅनडावरील फसलेल्या मोहिमेत गेला. नोव्हेंबर 1776 मध्ये तो तिसऱ्या न्यूयॉर्क पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. मार्च 1777 मध्ये हडसनकाठच्या पीकस्किल येथे त्याने ब्रिटिश तुकडीवर संगिनींनी हल्ला चढवला. त्या चकमकीत हाती लागलेल्या एका निळ्या झग्याचा उल्लेख पुढे येईलच.

ज्या घटनेने विलेटचे नाव देशभर झाले ती म्हणजे ऑगस्ट 1777 मधील फोर्ट स्टॅनविक्सचा वेढा. हा किल्ला आजच्या न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी होता. मोहॉक नदी आणि वुड क्रीक यांच्यामधल्या जमिनीच्या पट्ट्यावरून होड्या खांद्यावर वाहून न्याव्या लागत, आणि तो पट्टा ज्याच्या ताब्यात त्याच्याच ताब्यात ओंटारिओ सरोवरापासून अल्बनीपर्यंतचा जलमार्ग राही. जनरल बर्गॉइन उत्तरेकडून चॅम्प्लेन सरोवराच्या मार्गे आणि बॅरी सेंट लेजर पश्चिमेकडून मोहॉक खोऱ्यातून असे दोघांनी अल्बनीला भेटायचे, अशी ब्रिटिश योजना होती. सेंट लेजरच्या वाटेवर स्टॅनविक्स होता आणि त्यात कर्नल पीटर गॅन्सव्हर्टच्या हाताखाली सुमारे सातशे माणसे होती. विलेट त्याचा दुय्यम अधिकारी होता.

6 ऑगस्ट रोजी निकोलस हर्किमर सुमारे आठशे स्थानिक नागरी सैनिक घेऊन वेढा उठवायला निघाला आणि ओरिस्कनीच्या घळीत दबा धरून बसलेल्या शत्रूच्या तावडीत सापडला. त्याचा निरोप किल्ल्यात पोहोचला होता, आणि ठरल्याप्रमाणे बाहेर पडून शत्रूचे लक्ष विचलित करण्याचे काम विलेटकडे आले. पावसामुळे खोळंबा झाला. पाऊस थांबल्यावर 250 माणसे आणि एक हलकी तोफ घेऊन तो बाहेर पडला. शत्रूचे बरेच लढवय्ये ओरिस्कनीकडे गेलेले असल्यामुळे छावण्या जवळजवळ उघड्या होत्या. त्याने दोन छावण्या लुटल्या, सात गाड्यांच्या प्रत्येकी तीन फेऱ्या करून घोंगड्या, भांडी, दारूगोळा, कागदपत्रे असा एकवीस गाड्या माल आत आणला, पाच निशाणे हस्तगत केली आणि एकही माणूस न गमावता तो परतला. या कृतीचे वजन लुटीच्या आकड्यांवरून ठरवू नये. सेंट लेजरच्या सोबत आलेल्या इंडियन (म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी) योद्ध्यांनी आपले कपडे, घोंगड्या आणि पवित्र वस्तू छावणीत ठेवल्या होत्या. ओरिस्कनीत आप्त गमावून परतल्यावर त्यांना पांघरायलाही काही उरले नव्हते. वेढ्यावरचे त्यांचे मन उडाले त्यात या एका दुपारचा मोठा वाटा आहे.

दोन दिवसांनी ब्रिटिश अधिकारी डोळे बांधून किल्ल्यात आले आणि म्हणाले की, किल्ला पडल्यावर इंडियनांना आवरणे अवघड जाईल, तेव्हा खोऱ्यातील बायकामुलांचा विचार करा. बायकामुलांची हत्या घडली तर तिचा दोष असा निरोप आणणाऱ्यांवर येईल, किल्ला सांभाळणाऱ्यांवर नाही, अशा आशयाचे कडक उत्तर विलेटने दिले. हे उत्तर आपल्याला प्रामुख्याने त्याच्याच आठवणींतून माहीत आहे, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा उच्चारला गेला असे मानण्याचे कारण नाही. आशयाबद्दल मात्र मला शंका वाटत नाही, कारण किल्ला दिला गेला नाही ही गोष्ट सर्वज्ञात आहे. यानंतर एका रात्री विलेट आणि लेफ्टनंट लेव्ही स्टॉकवेल हे दोघे वेढ्यातून निसटले आणि दलदल व जंगल तुडवत मदत मागायला खोऱ्यात गेले. अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्डची कुमक येत आहे, आणि ती फार मोठी आहे, अशी अफवा हेतुपुरस्सर पसरवल्यामुळे 22 ऑगस्ट रोजी सेंट लेजरने वेढा उठवला. दोन महिन्यांच्या आत बर्गॉइनने साराटोगा येथे शरणागती पत्करली. अमेरिकन काँग्रेसने विलेटला तलवार देण्याचा ठराव ऑक्टोबर 1777 मध्ये केला. चित्रकार राल्फ अर्ल याने सुमारे 1791 मध्ये काढलेले त्याचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

येथे त्या निळ्या झग्याचा खुलासा करतो. किल्ल्यावर फडकवलेला ध्वज सैनिकांच्या सदऱ्यांतील पांढरे कापड, पीकस्किलला मिळालेला निळा झगा आणि जमेल तेथून गोळा केलेली लाल कापडे यांतून शिवला, असे विलेट सांगतो. त्यावरून अमेरिकेचा तारे-पट्ट्यांचा ध्वज लढाईत प्रथम येथेच फडकला, असा दावा अनेकदा केला जातो. ध्वज शिवला गेला हे खरे, परंतु त्यावर तारे होते हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे हा दावा पक्का म्हणून लिहू नये.

वीरचरित्रांत घाईने उरकल्या जाणाऱ्या एका प्रसंगावर थांबणे मला आवश्यक वाटते. एप्रिल 1779 मध्ये कर्नल व्हॅन स्कायक याच्या हाताखाली दुय्यम अधिकारी म्हणून विलेट ओनंडागा वस्त्यांवर चालून गेला. ओनंडागा हे सहा मूलनिवासी राष्ट्रांच्या हौडेनोसौनी संघाचे केंद्र होते. त्या संघातील ओनायडा अमेरिकनांच्या बाजूने होते, मोहॉक बहुतांशी ब्रिटिशांच्या बाजूने होते आणि खुद्द ओनंडागांमध्ये फूट होती. अशा वस्त्या जाळल्या गेल्या, धान्य नष्ट केले गेले, माणसे मारली गेली आणि स्त्रिया-मुलांसह कैदी नेले गेले. तटस्थ राहू पाहणारे ओनंडागाही यानंतर ब्रिटिशांकडे ढकलले गेले. लष्करी दृष्टीने मोहीम यशस्वी म्हटली गेली, पण मोहॉक खोऱ्याला तिची किंमत पुढची तीन वर्षे मोजावी लागली.

ती किंमत किती होती हे विलेटनेच नोंदवले आहे. 1781 मध्ये तो या खोऱ्याच्या संरक्षणाचा प्रमुख झाला तेव्हा त्याने वॉशिंग्टनला कळवले की, युद्धाच्या आरंभी ट्रायॉन परगण्यात नागरी सेनेत भरती होऊ शकणारी सुमारे अडीच हजार माणसे होती आणि आता आठशेहून अधिक उरलेली नाहीत. काही मारली गेली वा पकडली गेली, काही सुरक्षित भागात निघून गेली, काही शत्रूला मिळाली. मूठभर माणसे सतत हलती ठेवायची, बातमी मिळताच रात्रीत कूच करायचे आणि परतणाऱ्या शत्रूला गाठायचे, ही त्याची पद्धत होती. यॉर्कटाउन येथील ब्रिटिशांच्या शरणागतीनंतर सहाच दिवसांनी, 25 ऑक्टोबर 1781 रोजी, जॉन्सटाउन येथे त्याने मेजर रॉसच्या मोठ्या तुकडीशी लढाई दिली. एक बाजू घाबरून मोडली, पण आधीच वळसा घालून पाठवलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या माणसांनी दिवस सावरला. पुढील पाठलागात, ज्याच्या नावाने खोरे थरथरत असे तो ब्रिटिशांच्या बाजूने लढणारा वॉल्टर बटलर मारला गेला. फेब्रुवारी 1783 मधील ऑस्वेगो किल्ल्यावरील मोहीम मात्र दुःखद ठरली. पॅरिसमध्ये प्राथमिक तहावर सह्या झाल्याची पक्की बातमी अमेरिकेत पोहोचायची होती. सुमारे पाचशे माणसे, ज्यांत ऱ्होड आयलंड पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकही होते, गोठलेले ओनायडा सरोवर ओलांडून गेली, वाटाड्या शेवटच्या टप्प्यात चुकला, अंधाराचा फायदा निघून गेला आणि हल्ला न करताच परतावे लागले. थंडीने अनेकांचे हातपाय झडले. वॉशिंग्टनने विलेटला दोष दिला नाही.

शांतता होताच शहराने त्याला परत घेतले. 1783 च्या अखेरीस तो राज्याच्या विधानसभेवर निवडून आला आणि लगेच न्यूयॉर्कचा शेरीफ म्हणून नेमला गेला. ते पद त्याने 1780 च्या दशकात आणि पुन्हा 1790 च्या दशकाच्या पूर्वार्धात सांभाळले. 1788 मध्ये संघराज्याच्या नव्या संविधानाला त्याचा विरोध होता, कारण सत्ता सामान्य माणसापासून दूर जाईल अशी त्याच्या गटाची भीती होती. मान्यता मिळाल्यावर त्याने ते स्वीकारले. वॉशिंग्टनच्या सरकारने पुढे या विरोधकालाच एका नाजूक कामासाठी निवडले, यावरून दोघांचीही प्रतिष्ठा वाढते.

ते काम म्हणजे क्रीक या मूलनिवासी राष्ट्राचा नेता अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याला वाटाघाटीसाठी न्यूयॉर्कला आणणे. स्कॉटिश व्यापारी बाप आणि क्रीक आई यांचा हा मुलगा अत्यंत मुत्सद्दी होता. त्याचे स्पेनशी संबंध होते आणि जॉर्जियाच्या जमिनीच्या हावेमुळे सीमेवर युद्ध पेटत होते. 1789 मध्ये अधिकृत आयोग पाठवून सरकारच्या हाती काही लागले नव्हते. 1790 च्या वसंतात विलेट गाजावाजा न करता समुद्रमार्गे चार्ल्सटनला आणि तेथून घोड्यावरून क्रीक प्रदेशात गेला, गावसभांत बोलला आणि मॅकगिलिव्हरे व इतर प्रमुखांना घेऊन जुलैत न्यूयॉर्कला आला. 7 ऑगस्ट 1790 रोजी तेथे तह झाला. जॉर्जियाच्या वसाहतकारांनी तो धड पाळला नाही, पण त्या वर्षी युद्ध टळले.

विलेटला नीट समजून घ्यायचे तर 1792 मधील त्याचा नकार वाचावा, असे मी आवर्जून सांगेन. नोव्हेंबर 1791 मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेकडील इंडियन संघाने जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याचा धुव्वा उडवल्यावर नव्या मोहिमेसाठी विलेटला ब्रिगेडिअर जनरल नेमण्यात आले. त्याने पद नाकारले आणि वॉशिंग्टनला लिहिले की, इंडियनांशी युद्ध सर्व उपायांनी टाळावे, त्यांच्याशी शांतता राखणे अवघड नाही, आणि त्यांना लढून हरवण्याच्या मानाची आपल्याला इच्छा नाही. ओनंडागाच्या वस्त्या जाळणाऱ्या मोहिमेत असलेल्या आणि मग क्रीक गावांत पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाने हे लिहावे, याला माझ्या लेखी स्टॅनविक्सइतकेच महत्त्व आहे.

आता 1807. न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन पक्षात (हा जेफर्सनचा पक्ष, आजचा त्या नावाचा पक्ष नव्हे) फूट पडली होती. एकीकडे शहराचा महापौर डिविट क्लिंटन, दुसरीकडे गव्हर्नर मॉर्गन लुइस आणि त्याच्या मदतीला माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बरचे जुने समर्थक. विलेट बरच्या मंडळींच्या जवळचा होता. नेमणूक मंडळात लुइसच्या गटाला बहुमत मिळताच क्लिंटनला काढून विलेटला नेमण्यात आले. तेव्हा तो 66 वर्षांचा होता. त्याच्या युद्धकीर्तीमुळे ही नेमणूक शोभून दिसली, पण ती झाली गटाच्या गणितामुळे. त्याच वसंतात लुइस गव्हर्नरपदाची निवडणूक डॅनिएल टॉम्पकिन्सकडून हरला, 1808 च्या आरंभी मंडळ बदलले आणि क्लिंटन परत महापौर झाला. विलेटने काही गैर केले म्हणून तो गेला नाही.

महापौर तेव्हा न्यायालयातही बसे आणि परवान्यांच्या शुल्कातून त्याला उत्पन्न मिळे. शहर झपाट्याने वाढत होते : 1800 मध्ये 60,515 आणि 1810 मध्ये 96,373 लोकसंख्या. विलेटच्या वर्षात दोन मोठ्या गोष्टी घडल्या आणि त्यांचे श्रेय त्याला देऊ नये. रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट 17 ऑगस्ट 1807 रोजी अल्बनीकडे निघाली, आणि मॅनहॅटनचे रस्ते आखण्यासाठी राज्याने तीन आयुक्त नेमले, ज्यांत ब्रॉड स्ट्रीटवर विलेटशी वाद घालणारा गव्हर्नर मॉरिस होता. त्या आयोगाची मागणी क्लिंटनच्या काळातच झाली होती. विलेटच्या वाट्याला खरे संकट आले ते संघराज्याने परदेशी व्यापारावर घातलेल्या डिसेंबर 1807 च्या बंदीचे. जहाजे बंदरात अडकली, खलाशी बेकार झाले आणि जानेवारी 1808 मध्ये त्यांचा जमाव काम किंवा अन्न मागत शहराच्या उद्यानात जमला. नगर परिषदेने त्यांच्यासाठी अन्नाची आणि कामाची व्यवस्था केली.

1811 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी टॅमनी (शहरातील रिपब्लिकनांची राजकीय संघटना) मंडळींनी त्याला क्लिंटनविरुद्ध उभे केले, पण तो हरला. 1824 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदार मंडळात होता. 22 ऑगस्ट 1830 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, न्यूयॉर्कमधील आपल्या घरी त्याचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील विलेट स्ट्रीट आणि अल्बनीच्या वॉशिंग्टन पार्कमधील स्मारकशिळा त्याच्या नावाची आहेत.

अधिक वाचू इच्छिणाऱ्याने एक पथ्य पाळावे. त्याच्या मुलाने 1831 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी लष्करी कारवायांवर केंद्रित आहेत आणि त्यांत पितृभक्ती आहे, म्हणून चकमकींचे आकडे ब्रिटिश पत्रव्यवहाराशी ताडून घ्यावेत. महापौरपदाच्या वर्षासाठी त्या आठवणींवर विसंबू नये. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेची 1784 पासूनची इतिवृत्ते छापील खंडांत उपलब्ध आहेत, आणि 1807-08 च्या बैठकांत महापौर म्हणून विलेटसमोर रोज काय येत होते ते तेथेच पाहावे.